सलूनवाल्या काकांचं बीपी

मला टाळून दाखवेल असा माणूस आमच्या वस्तीत अजून जन्माला यायचाय! आरोग्यसेविका आहे मी. बीपीचं मशीन घेऊन दारोदार फिरते, आणि दंडाला पट्टा बांधल्याशिवाय कुणाचा उंबरा सोडत नाही.

फक्त कोपऱ्यावरचे सलूनवाले काका तेवढे निसटायचे. मी दिसले की त्यांना हमखास बाहेर काम निघायचं. अंगाने स्थूल, तोंडात सतत सिगारेट, चार पायऱ्या चढले की धाप. मला त्यांची धास्तीच वाटायची.

शेवटी बेत आखला. गिऱ्हाइकाची अर्धी दाढी झाली की गाठायचं. मग पळतील कुठे?

गाठलं! "वस्तरा ठेवा काका, जरा टेका."

"बसा हो, मला घाई नाही," फेसाआडून गिऱ्हाईकही म्हणालं.

काका कुरकुरत बसले. आकडा भलताच चढलेला! थोडं थांबून पुन्हा मोजलं. तेच!

"काका, हलू नका. आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे जायचंय."

एवढं ऐकलं मात्र, गिऱ्हाईक फेसासकट रस्त्यावर! "धावा, काकांना अ‍ॅटॅक आला!"

इस्त्रीवाल्यापर्यंत बातमी गेली तेव्हा काका बेशुद्ध होते. दूधवाल्यापर्यंत पोचेस्तोवर ते गेलेसुद्धा होते! काकू पिठाच्या हातांनी धावत आल्या आणि दारातच मटकन बसल्या. "अहो, मला टाकून असे कसे हो गेलात!"

"अगं, हा काय इथे बसलोय!" काका ओरडले.

"ओरडू नका!" मी त्यांच्याहून मोठ्याने ओरडले.

पण हसलं कुणीच नाही. काकू त्यांचा हात घट्ट धरून नुसत्या रडत होत्या. मग काका खाली बघत म्हणाले, "माझे वडील याच दुकानात कोसळले, कात्री हातात असताना. माझ्या नशिबी तेच असेल, तर आधी कळून करू काय?"

"गोळी घ्या, सिगारेट सोडा. तुमच्या वडिलांना कुणी वेळेवर सांगितलं नव्हतं, काका. तुम्हाला मी सांगतेय."

काका उठले. काकूंनी दवाखान्यात शिरेपर्यंत हात सोडला नाही. डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या दिल्या, मीठ कमी करायला सांगितलं आणि म्हणाले, "आज आलात ते बरं केलंत. आणखी थांबला असतात तर अवघड होतं."

महिन्याभराने मोजलं तर आकडा चांगलाच उतरला होता. मी फुगून टुम्म! "बघा, शेवटी तुम्हाला पटवलंच की नाही मी?"

"तुम्ही कसलं पटवताय ताई!" काका म्हणाले. "मी गेल्यावर ही कशी रडेल, ते मी जिवंतपणी बघितलं. गोळी घेतो ती त्यासाठी."

मी पट्टा गुंडाळला. आता दर घरी असं रडणारं माणूस कुठून आणायचं, ते तुम्हीच सांगा!