काटेसाहेबांची जीप वाढली

"जे माणसाने जोडलं ते माणसाला उघडता येतं, आणि जे उघडता येतं ते आधीपेक्षा चांगलं जोडता येतं!"

काटेसाहेबांनी जीपखाली उताणं पडून हे जाहीर केलं, तेव्हा पहिला बोल्ट सकाळपासून जागचा हलला नव्हता. हललं होतं ते त्यांचं मनगट.

काटेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. वजनमापे खात्यात उभा जन्म दुकानदारांचे काटे तपासण्यात गेला, म्हणून गल्लीने दिलेली ती पदवी. निवृत्तीनंतर तपासायला काही उरेना. घरातला तराजू तपासून झाला, दूधवाल्याचं माप तपासून झालं, मग दूधवालाच यायचा बंद झाला. आणि अशा रिकाम्या काळात सासऱ्यांची जीप त्यांच्या गॅरेजात येऊन पडली.

सासऱ्यांच्या माघारी जीप मेहुण्याच्या वाट्याला आली होती आणि मेहुण्याला ती भंगारात काढायची होती. पण काटेसाहेबांच्या बायकोचा जीव तिच्यात! गावाबाहेरच्या टेकडीवर, दगडगोट्यांच्या वाटेवर, वडील शेजारी बसलेले असताना ती याच जीपवर गाडी शिकली होती. लग्नानंतर स्टिअरिंगला हात लागला नव्हता तो नव्हताच.

"एकदा तरी टेकडीवर न्यायचीय रे मला," ती भावाला म्हणाली.

"ने की! महिनाअखेरच्या रविवारी तू स्वतः चालवत वर नेलीस तर गाडी तुझी. नाहीतर भंगारवाला बरोबरच घेऊन येतो."

"अरे, पण दुरुस्त कोण करणार?"

"का? दाजी आहेत ना!" असं म्हणून मेहुणा पोट धरून हसला.

त्याने हा टोमणा मारला होता. काटेसाहेबांनी तो नेमणुकीचा हुकूम समजला.

शिकवणी मोबाईलवर सुरू झाली. एक दाढीवाला हसत हसत अख्खं चाक काढी, दातांनी बिस्कीट तोडावं तसं. काटेसाहेब तोच व्हिडिओ थांबवून, मागे नेऊन, पुन्हा पुन्हा बघत. दाढीवाल्याचा बोल्ट प्रत्येक वेळी निघे. यांचा गंजून असा बसला होता की त्याला उठवायचं म्हणजे घरजावयाला उठवण्यासारखं!

शेवटी शेजारचे दातांचे डॉक्टर धावून आले. त्यांनी टॉर्च मारला, आरशाने मागची बाजू पाहिली आणि मान हलवली.

"फार उशीर केलात. मुळापासून काढावा लागेल."

"काढा."

"गोड फार खाल्लंय का हिने?"

"डॉक्टर, ही जीप आहे!"

"हो हो. सवय हो. आ करा... म्हणजे बॉनेट उघडा."

बोल्ट निघाला! त्यामागोमाग, त्याचीच वाट पाहत असल्यासारखं, बाकी सगळंही निघालं. गॅरेजात पाय ठेवायला जागा राहिली नाही. काटेसाहेबांना स्वप्नात वॉशर दिसू लागले. जेवताना ते भाकरी घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरवून तोडत. बायको दारातून विचारी, "अहो, होईल ना?" आणि ते म्हणत, "होईल म्हणजे काय!" दार बंद झालं की टायरवर बसून ते डोकं धरत. तिला काय तोंड दाखवायचं? बिचारी अंगणात खुर्चीवर बसून पायाने क्लच दाबायचा सराव करत होती. तोही दुखऱ्या गुडघ्याने!

तरी रडतखडत गाडी जोडली गेली. एक नट मात्र उरला.

"हा कुठला?" काटेसाहेबांनी तो चिमटीत धरून विचारलं.

डॉक्टरांनी तो उजेडात धरला. "अक्कलदाढ समजा. असली काय, नसली काय."

आता साधी दुरुस्ती झाली होती तिथे थांबावं की नाही? पण दाढीवाला म्हणाला होता, डोंगरात जायचं तर गाडी उंच हवी. झालं! जाडजूड नव्या स्प्रिंगा आल्या, हत्तीच्या पायाएवढे टायर आले. टपाची लोखंडी चौकटही पक्की वेल्डिंग करून घेतली.

"साहेब, गॅरेजच्या दारातून निघेल ना?" डॉक्टरांनी विचारलं.

काटेसाहेब दुखावले. वजनमापे खात्याच्या माणसाला हा प्रश्न! पण त्यांनी माप घेतलं, आणि तेही शास्त्रशुद्ध. "गाडी रिकामी कधी धावते का? माप भरलेल्या गाडीचंच घ्यायचं!" म्हणून त्यांनी शेजारच्या दवाखान्यात ताटकळलेले पेशंट आणून जीपमध्ये कोंबले. सुजलेले गाल धरून ती मंडळी मुकाट बसली; उपचाराचाच भाग असेल असं त्यांना वाटलं. काटेसाहेबांनी टेप लावली. दारावरची आडवी तुळई, म्हणजे लिंटेल, आणि टप यांच्यात बोटभर फट!

रविवार उजाडला. मेहुणा आला, अंगाने असा भरलेला की आधी पोट यायचं आणि मग तो. बरोबर भंगारवाला. अंगणात बायको उभी, वडिलांचा जुना चष्मा पर्समध्ये घेऊन.

काटेसाहेबांनी एकट्याने जीप सुरू केली. हो, सुरू झाली! डौलात निघाली... आणि कर्रर्र!

टप लिंटेलखाली अडकला. जीप ना आत, ना बाहेर. उंबऱ्यात अडून बसलेल्या म्हशीसारखी.

"माप घेतलं होतं!" काटेसाहेब किंचाळले.

"पेशंटसकट," डॉक्टर हळूच म्हणाले. "आज रविवार. दवाखाना बंद."

भार नाही, म्हणून स्प्रिंगा फुलल्या होत्या. गाडी रिकामीच जास्त उंच होती!

"टायरमधली हवा सोडा की," भंगारवाला म्हणाला.

"आणि परत भरणार कशाने?" काटेसाहेबांनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. सरावासाठी त्यांनी पंपही उघडून ठेवला होता.

मेहुण्याने घड्याळ पाहिलं. "चला दाजी, प्रयत्न चांगला होता. ताई, मन घट्ट कर."

ताईने मन घट्ट केलं नाही. भावाचा दंड घट्ट केला. "बस आत."

"मी?"

"तूच! जन्मभर खाल्लंस ते आज कामाला येऊ दे. अहो भंगारवाले, तुम्हीपण!"

बाहेर आलेल्या बॉनेटवर पाय ठेवत, एकमेकांना ढकलत दोघे जीपच्या बाजूच्या दारातून आत शिरले. पाठोपाठ डॉक्टर. मेहुणा मागच्या सीटवर टेकला मात्र, स्प्रिंगांनी असा सुस्कारा सोडला की गल्लीतली कुत्री उठून बसली. भंगारवालाही बिचारा स्वतःच्या धंद्याविरुद्ध अंग जड करून बसला. टप खाली आला. बोटभर फट! जीप सरसर बाहेर आली.

टाळ्या झाल्या. मंडळी उड्या मारून उतरली आणि जीप पुन्हा ताठ उभी राहिली. तेव्हा काटेसाहेबांच्या लक्षात आलं. ही आत-बाहेर करायची तर दर वेळी मेहुण्याला बोलवावं लागणार! जेवायला घालून, वजन टिकवून!

पण बायको पुढे झाली. तिने दारावरून हात फिरवला. चष्मा पर्समधून काढून समोरच्या काचेपाशी ठेवायला हात उंचावला. हात पोचला नाही. पाय उचलला, पायरी कमरेशी होती. गुडघ्याने नकार दिला. तिने मान वर करून सीटकडे पाहिलं, गच्चीवर वाळत घातलेल्या साडीकडे बघावं तसं.

काटेसाहेबांनी खिशातला उरलेला नट घट्ट धरला.

"अहो," ती म्हणाली, "स्वयंपाकघरातलं स्टूल आणता का जरा? आणि ते माझ्याबरोबर गाडीतच राहू द्या. वर पोचल्यावर उतरायचंय मला."