गच्चीच्या दारातला हिरवा दगड

दगड पारखण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, हे मी नम्रपणे सांगते. भावाने दगड घोटायचं यंत्र भेट दिल्यापासून माझी नजर जमिनीवरून उठलेली नाही. डब्यात ओबडधोबड दगड, पाणी आणि रवाळ पूड घालायची. डबा रात्रंदिवस फिरत राहतो आणि काही आठवड्यांनी आतून आरसे निघतात. त्यासाठी डोंगर पालथे घालावे लागतात, असा लोकांचा समज आहे. छे! बसथांब्यामागची खडी, उकरलेल्या गटाराची कड, दंतवैद्यांच्या दारातली कुंडी, एवढं पुरतं.

फक्त माझे दोन नेम आहेत. सकाळी नऊपर्यंत मौन, आणि कुणाची वस्तू विचारल्याशिवाय उचलायची नाही. कुंडीतल्या दगडाचं मी दंतवैद्यांना विचारलं, तेव्हा त्यांची हत्यारं माझ्या तोंडात होती. ते म्हणाले, दुखलं तर हात वर करा. याला होकार म्हणता येईना, म्हणून पुन्हा जाऊन विचारून आले.

अडचण एकच, आवाजाची. आपल्या डोक्यावर कुणीतरी खडी दळतंय, अशी तक्रार खालच्या मजल्यावरच्या काकांनी मालकीणबाईंकडे केली. आमचा भाडेकरार संपत आला होता. मालकीणबाईंचा निरोप आला: स्वतः येऊन ऐकते, मग तुम्हाला ठेवायचं की नाही ते ठरवते. तेवढा दिवस यंत्र बंद ठेव, म्हणून ह्यांनी विनवलं. बाई ऐकायला येणार आणि आपण बंद ठेवणार, हे मला पटेना. शेवटी तडजोड झाली. यंत्र चालू, वर दोन गाद्या.

मालकीणबाई नऊच्या आधीच उगवल्या. कान देऊन उभ्या राहिल्या. मांजर घुरघुरावं एवढाच आवाज येत होता. "एवढंच?" त्या म्हणाल्या. ह्यांचा चेहरा फुलला. जाता जाता टाकी बघू, म्हणून आम्ही तिघं जिना चढून गच्चीवर गेलो.

गच्चीचं दार आपोआप लागतं आणि फक्त आतून उघडतं. ते अडवायला कुणीतरी दगड लावला होता. गर्द हिरवा, मधून पांढरी रेघ! इमारत मालकीणबाईंची, म्हणजे दगडही त्यांचाच. मी दगडाकडे बोट केलं, हात जोडले, मान तिरकी केली. त्यांनी हसून हात जोडले. परवानगी मिळाली. मी दगड उचलला.

मागे खट् झालं.

"काय केलंस?" ह्यांनी विचारलं. मी तळहात उघडून रेघ दाखवली. ह्यांना कौतुक वाटलं नाही.

ह्यांचा फोन चार्जिंगला, मालकीणबाईंचा पर्समध्ये, पर्स आमच्या सोफ्यावर. दोघांनी कठड्यावरून हाका मारल्या. पण गाद्या बहुधा घसरल्या होत्या. खालून असा खडखडाट उसळला, की हाका त्यात वाहून गेल्या. हा कसला आवाज, म्हणून मालकीणबाईंनी विचारलं. हे आभाळाकडे बघू लागले. मौनाचा एवढा आधार मला कधीच वाटला नव्हता.

त्याच आवाजाने खवळून काका वर आले. आमच्या घरात कुणी सापडेना, म्हणून त्यांनी गच्चीचं दार उघडलं. बाहेर येऊ नका, हे सांगायला मी दोन्ही हात उंचावले. तो त्यांना नमस्कार वाटला. नमस्कार करत ते पुढे आले.

खट्.

चौघं टाकीच्या सावलीत बसलो. नऊ वाजले तसं मी मौन सोडलं आणि गाद्यांसकट सगळं सांगून टाकलं. "आणि दगड मी तुम्हाला विचारूनच घेतला," मी म्हटलं.

"मला कधी विचारलंत?"

"खुणेनं."

"अहो, मला वाटलं, जागेसाठी गयावया करताय!"

बऱ्याच वेळाने काकू काकांना शोधत वर आल्या. दार सोडू नका, असं चौघं एका सुरात म्हणालो. मी दगड परत जागेवर ठेवला. वाईट वाटलं.

जिना उतरताना मालकीणबाईंनी निकाल दिला. खरं बोललात म्हणून करार होईल, पण यंत्र आजच गच्चीवर जाईल. काकांनी ते आनंदाने स्वतः उचलून वर नेलं आणि टाकीशेजारी ठेवलं.

ती जागा बरोबर आमच्या पलंगावर येते. ह्यांना हल्ली झोप लागत नाही. तक्रार नेमकी कशी करायची, हे विचारायला काल दुपारी हे खाली गेले होते.

काका गाढ झोपले होते.