शेषराव तायड्यांचा पातळ लॅपटॉप

"आता शेषराव तायडे कोणाच्या हाताखाली नाई!" असं जाहीर करून शेषरावांनी नवाकोरा लॅपटॉप दिवाणावर ठेवला. थाट असा, की जणू गडच सर करून आलेत!

मनकर्णाबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली. "एवढाच? बाकीचा कुठी हाय?"

"बाकीचा म्हंजे?"

"जुना कसा भरगच्च होता. हा तर उडदाच्या पापडावानी दिसून राहिला!"

"अवं, हेच तर नवं डिझाइन हाय! प्रोफेशनल लोकाईसाठी केलं त्याईनं."

शेषराव प्रोफेशनल होतेच, फक्त कोणाला माहीत नव्हतं. अमरावतीत सव्वीस वर्षं त्यांनी नकाशे काढले. बंगले काढले, दवाखाने काढले, नांदगाव पेठेतली गोदामं काढली. नकाशा त्यांचा, डोकं त्यांचं आणि सही इंजिनिअर वामनराव साहेबांची! गिऱ्हाईक आलं की साहेब खुर्चीत बसायचे, शेषराव बाजूला उभे राहून बोटानं दाखवायचे. शेवटी गिऱ्हाईक हात मिळवायचं ते साहेबांशी.

गेल्या वर्षी शेषरावांनी स्वतःचा परवाना काढला आणि नोकरीला रामराम ठोकला. पुढे वर्षभर कंपाउंडच्या भिंती आणि संडासाच्या टाक्या काढल्या. आणि मग अकोल्याहून देवमन गुरुजींचा फोन आला. हे गुरुजी एका अभ्यासिकेच्या समितीचे अध्यक्ष. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या पोरापोरींसाठी दोन मजली अभ्यासिका बांधायची होती.

"रविवारी नमुना घेऊन या, तायडे. आणखीन एक इंजिनिअर बलावला हाय. ज्याचा पसंत, त्याचं काम!"

शेषरावांनी जीव ओतून नकाशा केला. अकोल्याचा उन्हाळा म्हणजे भट्टी, आणि पोरं अभ्यास करतात नेमकी उन्हाळ्यात. म्हणून त्यांनी जिना, पाण्याच्या टाक्या आणि संडास असं सगळं पश्चिमेला नेलं. ऊन खायचं तर जिन्यानं खावं, पोरांनी कशाला! वाचायच्या खोलीला उत्तरेच्या लांबलचक खिडक्या दिल्या. असला नकाशा उभ्या आयुष्यात काढला नव्हता. आणि असा नकाशा जुन्या लॅपटॉपवर दाखवायचा? छे! म्हणून हा पापड.

पापडानं पहिल्याच दिवशी रंग दाखवला.

शेषराव तडक दुकानात गेले. दुकानदार अमोल ओळखीचाच.

"अमोल, पेनड्राइव कुठी खुपसू?"

"काका, आता पेनड्राइव कोन वापरते?"

"मी वापरतो! प्रोजेक्टरची वायर कुठी लावू? माउस कुठी लावू?"

"दोन भोकं देल्ली हायत ना बाजूनं."

"त्याच्यात मुंगी जात नाई, लेका! अन् एस्केपचं बटन कुठी गेलं?"

एस्केप हा मुद्दा साधा नव्हता. नकाशावाला माणूस श्वास घेतो तितक्या वेळा एस्केप दाबतो. चुकली रेघ, दाब एस्केप! नव्या डिझाइनमध्ये वरची बटनांची ओळच गुल होती. तिथं काचेची चकचकीत पट्टी. पट्टीवर एस्केप कधी दिसायचा, कधी नाही. बोट नुसतं घासलं तरी अर्धा काढलेला जिना गायब! आणि बोट दुसऱ्या टोकाला लागलं, की आतून एक बाई इंग्रजीत विचारायची, "मी आपली काय मदत करू?"

"कोन बाई हाय तिथी?" मनकर्णाबाई लाटणं घेऊनच बाहेर आल्या.

"मशीन हाय, मशीन!"

"मंग मशीनले सांगा, घरात मदत कराले मी हाय म्हना!"

पण शेषराव हार मानणारे नव्हते. त्यांनी शर्टाच्या खोक्यातला पुठ्ठा कापला आणि चिकटपट्टीनं त्या काचेवर बसवला. एस्केपपुरती खिडकी ठेवली. अमोलनं एक डबी गळ्यात मारली. एका बाजूनं लॅपटॉपच्या भोकात जाणारी, दुसऱ्या बाजूनं सगळ्या वायरी घेणारी. चारी बाजूंनी वायरी लोंबायला लागल्या, की डबी खेकड्यासारखी दिसायची. आणि तापायची अशी, की वर पोळी शेकावी!

पिशवी भरता भरता मनकर्णाबाई म्हणाल्या, "सून बारीक आली म्हून आपन खुश झालो, पन माहेराहून चार पेट्या घेऊन आली!"

रविवारी सकाळी शेषराव बडनेऱ्याहून गाडीत बसले. खिडकीजवळची जागा मिळाली, वर चार्जिंगचं सॉकेट! देव पावला. त्यांनी खेकडा लॅपटॉपला लावला, खेकड्याला चार्जर लावला आणि शेवटचं एकदा खिडक्यांची मापं तपासायला घेतली. पुढच्या बाकावरचा माणूस टकामका बघत होता. शेषरावांनी मुद्दाम नकाशा मोठा करून दाखवला.

मूर्तिजापूर आलं आणि वास आला.

"काका, तुमचं कायतरी जळून राहिलं!" समोरचा ओरडला.

खेकड्यातून धुराची बारीक रेघ निघाली. शेषरावांनी हिसका देऊन वायर उपटली, बोट भाजलं, खेकडा बाकाखाली पडला. उचलला तेव्हा त्याच्यात प्राण नव्हता.

अकोल्यात रविवार. दोन दुकानं उघडी होती. पहिल्यात असली डबी नव्हती. दुसऱ्यात दुकानदारानं लॅपटॉप हातात घेऊन उलटासुलटा केला आणि विचारलं, "याचं खालचं झाकण हरवलं का?"

घामाघूम होऊन शेषराव समितीच्या सभागृहाशी पोचले. व्हरांड्यात खुर्ची टाकून पाणी पीत कोण बसलं होतं? वामनराव साहेब! दुसरे इंजिनिअर तेच.

"अरे शेषराव! तुम्हीही? वा!" साहेब प्रेमानं म्हणाले. "माझं आत्ताच झालं. काय हो, चेहरा असा का?"

शेषरावांनी खेकड्याची कर्मकहाणी सांगितली. साहेब खो खो हसले. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अहो, त्यात काय! माझा जुना ठोकळा आत प्रोजेक्टरला जोडलेलाच आहे. नकाशा फोनमध्ये आहे ना? मला पाठवा. माझ्यावरून दाखवू."

शेषरावांचे डोळे भरून आले. उगाच आपण या माणसाला मनात शिव्या देत होतो! त्यांनी तिथल्या तिथं नकाशा साहेबांना पाठवला.

आत दिवे बंद होते. समितीचे सहा-सात जण अंधारात बसलेले. साहेब सवयीनं खुर्चीत बसले. शेषराव सवयीनं बाजूला उभे राहिले.

"हां साहेब, दाखवा पुढचा," अंधारातून गुरुजींचा आवाज आला.

शेषराव बोलायला लागले आणि काय बोलले! ऊन कुठून येतं, वारा कुठून येतो, मे महिन्यात दुपारी तीन वाजता भिंत किती तापते, सगळं सांगितलं. "साहेब, पुढचं घ्या," म्हटलं की साहेब बटन दाबायचे. "साहेब, जिना दाखवा," म्हटलं की जिना! मध्येच कोणीतरी विचारलं, "जिना पश्चिमेले कावून?" आणि शेषरावांच्या तोंडून सव्वीस वर्षांचं वळण घरंगळत बाहेर पडलं.

"साहेबांचं म्हननं असं हाय, का ऊन जिन्यानं खावं, पोराईनं नाई!"

टाळ्या! दिवे लागले. गुरुजी उठून आले आणि त्यांनी वामनराव साहेबांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"साहेब, तुमचा पयला नमुना काई खास नोता. खरं सांगतो, मंगल कार्यालयावानी दिसत होता. पन हा दुसरा? एक नंबर! समितीले पसंत!"

"गुरुजी," शेषराव पुढे आले, "थो नमुना माझा हाय. मी शेषराव तायडे!"

गुरुजींनी चष्मा सावरला. "तुमी तायडे? मंग आतापावतर कुठी होते? आमी वाट पाहून राहिलो!"

"मी हितंच तर उभा होतो! मीच तर सांगून राहिलो होतो!"

"तुमी तर साहेबाचं म्हननं सांगून राहिले होते."

शेषरावांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब मंद हसले. "आमच्याच ऑफिसात घडलेला माणूस आहे, गुरुजी. आमचं-त्याचं वेगळं काय?"

"दाखवतो!" शेषरावांनी पापड उघडला. त्यात पहिल्या रेघेपासूनचे सगळे नकाशे होते. लॅपटॉप उघडायला बोट लावायचं होतं. त्यांनी बोट लावलं. भाजलेलं, घामेजलेलं बोट! मशीन म्हणालं, ओळख पटत नाही. पुन्हा लावलं. पटत नाही. घाईत पासवर्ड तीनदा चुकला. शेवटी अंगठा पुठ्ठ्याच्या बाहेर घसरला आणि ती बाई भर सभेत इंग्रजीत म्हणाली, "माफ करा, मला समजलं नाही."

"फोन पाहा! हा पाहा, मीच साहेबाले नकाशा पाठवला, अकरा चाळीसले!"

गुरुजींनी फोन निरखून पाहिला. "बराबर हाय. हाताखालचा मानूस साहेबालेच पाठवते ना, बाप्पा!"

"कोपऱ्यात माझं नाव हाय!"

पडद्यावर कोपरा मोठा करण्यात आला. शेषराव तायडे. गुरुजींनी मान डोलावली. "नाई कोन म्हनते? नकाशा तुमीच काढला असन. हात चांगला हाय तुमचा." मग साहेबांकडे वळून म्हणाले, "साहेब, याईले सोडजा नोका!"

"छे छे," साहेब म्हणाले.

मनकर्णाबाईंना शेषरावांनी घरी गेल्यावर दोन वाक्यांत सगळं सांगितलं. त्यावर त्या साहेबांच्या नावानं जे बोलल्या, ते इथं लिहिता येणार नाही.

पुढच्या आठवड्यात कानावर आलं, की साहेब उत्तरेच्या खिडक्या अर्ध्या करणार आहेत. काच महाग पडते म्हणे. शेषराव चार दिवस तळमळले. पाचव्या दिवशी स्वतःच साहेबांच्या ऑफिसात गेले, जुन्या खुर्चीत बसले आणि खिडक्या वाचवल्या. एकही इंच कमी होऊ दिला नाही. तेवढ्यासाठी सात महिने तिथं बसावं लागलं.

अभ्यासिका झकास झाली. मे महिन्यातही पोरं आत शांत बसून वाचतात. दाराशी काळ्या दगडावर वामनराव साहेबांचं नाव आहे, सोनेरी अक्षरात.

शेषरावांचा मान गुरुजींनी राखलाच. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी फोन करून म्हणाले, "तायडे, तुमचं अक्षर लय सुरेख हाय. एक पाटी तुमीच रंगवून द्या, खाली तुमचं नाव बी टाका!"

शेषरावांनी रंगवली. 'चपला बाहेर काढाव्यात' अशी ती पाटी आहे आणि खाली बारीक अक्षरात 'शे. तायडे' आहे. त्या अख्ख्या इमारतीत त्यांच्या नावावरचं तेवढंच एक काम.

चपला सगळे आतच काढतात.