प्रमाणित झाल्याखेरीज गाणं लावू नये

आवाजाची पारख कानानं करता येते, हा माणसाचा फार जुना गैरसमज आहे. कानाला मूड असतो, मळ असतो, आवडनिवड असते. शिवाय त्याच्यावर कुठल्याही खात्याचा शिक्का नसतो. अशा अवयवाची साक्ष कोणी ग्राह्य धरावी?

निदान निरीक्षकसाहेब तरी धरत नसत. ते वजन-मापं तपासणाऱ्या खात्यात होते. शिक्का नसलेल्या तराजूवर बटाटासुद्धा ठेवू द्यायचा नाही, हे त्यांचं बावीस वर्षांचं व्रत. (या काळात कित्येक बटाटे सडले, पण चुकीच्या वजनानं एकही विकला गेला नाही.)

घरी बायको आणि वडील. वडिलांना सगळे आप्पा म्हणत. आप्पांच्या कानाची नस सुकत चालली होती. डॉक्टरांनी तपासणीचा आलेख समोर धरला. त्यातली रेघ घसरगुंडीसारखी खाली येत होती. "मशीनचाही फारसा उपयोग व्हायचा नाही," डॉक्टर म्हणाले. "सहा महिने धरा. काय ऐकायचं ते ऐकून घ्या."

आप्पांना एकच ऐकायचं होतं. साहेबांची आई जाण्याआधी एकदा भांडी पुसता पुसता गात होती, ते चार मिनिटांचं गाणं सुनेनं फोनमध्ये टिपून ठेवलं होतं. "फोनवर ती डब्यात बसून गातेय असं वाटतं रे," आप्पा म्हणाले. "एखादा बरासा स्पीकर आण."

'बरासा' हे माप कुठल्याच तक्त्यात सापडेना. तेव्हा साहेबांनी कपाटात पुस्तकांशेजारी मावतील अशा स्वस्त स्पीकरच्या पाच जोड्या मागवल्या आणि आवाज मोजायचा एक माइकही आणला. (माइक पाचही जोड्यांहून महाग होता. मोजणारा मोजल्या जाणाऱ्यापेक्षा वरचढ असावा, हा खात्याचा दंडक आहे.)

मोजणीचे नियम फ्रिजवर चिकटवण्यात आले. मोजणीच्या वेळी पंखा बंद. फ्रिज बंद (दूध नासणे: अकरा वेळा). भिंतीवरचं घड्याळ काढून गादीखाली. कपाटात पुस्तकं असावीत, त्यांपैकी किमान तीन जाड. ती वाचलेली असण्याची अट नाही. माइक ऐकणाऱ्याच्या कानाच्या उंचीवर, म्हणजे आप्पांच्या खुर्चीत. माणसाचं अंग आवाज शोषून घेतं, सबब आप्पांनी मोजणीपुरतं जिन्यात बसावं.

मग स्पीकरमधून जाड हुंकारापासून बारीक किंकाळीपर्यंत चढत जाणारी एक लांबलचक शिट्टी वाजे, आणि संगणकावर रेघ उमटे. रेघ सपाट आली तर स्पीकर खरा. ती सपाट येत नसे. पहिली जोडी खालच्या सुरात फुगे, दुसरी मध्येच खचे, तिसरी भिंतीपासून चार बोटं सरकवली की सुधारे आणि पडदा बदलला की बिघडे. तीन महिन्यांत चारशे बारा शिट्ट्या झाल्या. गाणी: शून्य.

"झालं का रे?" आप्पा जिन्यातून विचारत.

"अजून दोन डेसिबलचा उंचवटा आहे, आप्पा."

"असू दे की. लाव."

"तसं लावलं तर आईचा आवाज खरा येणार नाही."

"त्रेचाळीस वर्षं ऐकलाय मी तो. खरा कुठला ते मी सांगतो की."

"त्याला पुरावा म्हणत नाहीत, आप्पा."

"अहो, एकदा लावा हो नुसतं!" बायको म्हणाली. साहेबांनी तिचं म्हणणं नोंदवहीत 'पार्श्वभूमीचा गोंगाट' या रकान्यात लिहून घेतलं.

सातव्या महिन्यात, एका रविवारी सकाळी, रेघ सपाट आली. टेबलावर ठेवलेल्या पट्टीसारखी सपाट. साहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी तारीख घातली, सही केली आणि स्वतः जिन्यात जाऊन आप्पांना हाताला धरून आणलं. खुर्चीतून माइक उठवला, आप्पांना बसवलं आणि गाणं लावलं.

खोलीत आई आली. भांड्यांच्या आवाजासकट आली. दारात उभ्या असलेल्या सुनेनं तोंडाला पदर लावला.

आप्पा मुलाकडे बघत शांत बसले होते. तिसरं मिनिट चालू असताना ते म्हणाले, "सुरू झालं की सांग हं."

साहेबांनी आधी मीटर पाहिला. खुर्चीपाशी चौऱ्याहत्तर डेसिबल, चोख. यंत्रणा निर्दोष होती. मग मात्र त्यांना दुसरं काही मोजायचं सुचेना, आणि ते तिथंच खाली बसले. आप्पांनीच हात लांब करून स्पीकरवर तळवा ठेवला. "थरथरतंय," ते म्हणाले. "म्हणजे चालू आहे." गाणं संपेपर्यंत त्यांनी हात काढला नाही. संपल्यावरही काढला नाही.

पुढं साहेबांनी सगळे आलेख इंटरनेटवर टाकले आणि खाली आप्पांची हकिकतही लिहिली. नऊ हजार लोकांनी ती वाचली. दोनशे चौदा जणांनी प्रश्न विचारले. त्यांतले दोनशे तेरा प्रश्न एकच होते: शेवटी कुठली जोडी ठेवलीत? (उरलेल्या एकाला वायरची जाडी हवी होती.)

तुम्हीही मघापासून त्याचसाठी थांबला आहात, तर सांगून टाकतो: तिसरी. आई काय गात होती, हे विचारणारा अजून कोणी भेटलेला नाही.