मोजे घातलेली डोलकाठी

आमच्या सोसायटीत थंडी पडली की माणसांच्या आधी एका डोलकाठीला मोजे चढतात. थट्टा नाही करत राव. मोशीला या आणि आमचं पार्किंग बघा. जिथं दुसऱ्या कुणाची गाडी उभी असती, तिथं तांडेलकाकांची डोलकाठी आडवी पडलेली आहे. होडीवर शीड लावायला उभी काठी असते ना, ती.

काका मूळचे देवगडकडचे. चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्समध्ये हयात गेली, आता रिटायर. काकू वारल्या, मुलगा निलेश कॅनडात. होडी गावाला भावाच्या मांगरात, म्हणजे शेडमध्ये आहे. डोलकाठी मात्र काकांनी टेम्पोत घालून, मागं लाल फडकं बांधून घाटावर आणली. का? तर म्हणे, "भाऊ तिच्यावर चड्ड्या वाळत घालतो!"

आणल्या आणल्या गोड्या पाण्यानं न्हाऊ घातली. मीठ राहिलं तर पितळ खातं म्हणे. मग खाली लाकडी ठोकळे आले, शिडाचे दोर ओढायच्या पितळी कप्प्यांना आणि तारांच्या टोकांना मोजे आले, मोज्यांवर सायकलच्या ट्यूबचे पट्टे. जमिनीवर कंपनीत मारतात तसे पिवळे पट्टे मारले आणि पाटी लावली: शटडाउन चालू आहे. हात लावू नये.

मी क्वालिटीत आहे, म्हणून मला काही कळतं असा माझा समज. एकदा मोठ्या प्रेमानं मी त्या कप्प्यांना प्लास्टिक गुंडाळलं. काका जिन्यावरूनच ओरडले.

"हात काढ मेल्या! प्लास्टिकात घाम धरता. तुका काय कळता?" मग जरा निवळून म्हणाले, "अरे क्वालिटीवाल्या, आपटलेलं दिसतं. घासलेलं दिसत नाही. म्हणून मोजे."

हे वाक्य काका दिवसातून एकदा तरी ऐकवतात.

गावाकडं होड्या पावसाळ्यात वर ओढतात आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात घालतात. काकांच्या होडीचा शटडाउन मात्र निलेश गेल्यापासून संपलेलाच नाही. आमच्या चेअरमन पाटीलसाहेबांना नेमकं तेच खुपत होतं. त्यांना तिथं स्कूटर चार्जिंगचा पॉइंट हवा होता.

"तांडेल, पार्किंग वाहनांसाठी असतं."

"मग हे काय आहे? वाऱ्यावर चालतं."

"वाहनाला चाकं लागतात हो!"

दुसऱ्या दिवशी ठोकळ्यांखाली चार चाकं. पाटीलसाहेबांनी पीयूसी मागितली. काका म्हणाले, "आधी हिच्यातून धूर काढून दाखवा, मग पीयूसी काढतो. काठी हलूची नाय!" आम्ही हसून हसून बेजार. पण पाटीलसाहेब इरेला पेटले होते. येत्या रविवारी काठी भंगारवाल्याला देणार, असं त्यांनी जाहीर करून टाकलं.

शनिवारी त्यांनी कुठून तरी निलेशचा नंबर मिळवला आणि आम्हा चारचौघांसमोर, पार्किंगमध्येच, फोन स्पीकरवर लावला. काका तिथंच उकिडवे बसून उंदरांनी कुरतडलेले मोजे बदलत होते.

"द्या हो पाटीलकाका टाकून," पलीकडून निलेश म्हणाला. बाबा ऐकताहेत हे त्याला काय माहीत! "मी काय आता होडी चालवायला येणार आहे? गेल्या वर्षीच बाबांना सांगितलंय मी."

पाटीलसाहेबांनी गडबडीनं फोन बंद केला. जिंकले होते बिचारे, पण तोंड असं पडलं होतं की विचारू नका.

काकांनी मान वर केली नाही. "सांगितलं होतं त्यानं," ते म्हणाले. "म्हणून तर यंदा डबल गुंडाळली."

त्यांच्या हातात वीतभर लांबीचा, निळ्या पट्ट्याचा मोजा होता. तेव्हा कुठं मी नीट पाहिलं. त्या काठीवरचे सगळे मोजे शाळेचे होते. शेंड्याच्या कप्पीला सगळ्यात लहान, बुंध्याकडं दहावीतल्या पोराचे.

"हा पहिलीतला. मे महिन्यात होडीत बसायला मोजे घालून यायचा. पाय ओले होतील म्हणून. येडा!" काकांनी तो मोजा कप्पीवर ओढला. "त्याला नको असंल. मला हवीय. काठी हलूची नाय."

 मला त्या निलेशचा असा राग आला की काय सांगू.

रविवारी सकाळी भंगारवाला आला नाही. पाटीलसाहेब आले, हातात स्वतःच्या मोज्यांचा जोड घेऊन. दोन कप्प्या अजून उघड्याच होत्या.

काकांनी जोड घेतला, नाकाशी नेला. "धुतलेत ना? घामातलं मीठही पितळ खातं."

"धुतलेत हो, तांडेल."

"मग बघत काय उभे राहिलात? तिकडनं धरा."

चेअरमनसाहेबांनी काठी धरली. काका आमच्याकडं पाठ करून गाठ मारत बसले, ते बसलेच. एका मोज्याला गाठ मारायला एवढा वेळ लागत नाही, हे मेंटेनन्सवाल्याला सांगायला मी काही गेलो नाही.