एकनिष्ठ पती अमॉस थर्लबी

पूर्वजाच्या स्मृतिफलकावरचा पडदा कोणी ओढायचा, हे क्लॅरन्स थर्लबीच्या मते ठरलेलंच होतं. दोनशे वर्षांपूर्वी अमॉस थर्लबी इंग्लंड सोडून दक्षिण आफ्रिकेत, पूर्व केपच्या किनाऱ्यावर उतरला, शार्लट नावाच्या विधवेशी त्यानं लग्न केलं, गाड्यांची चाकं बनवायचा धंदा मांडला आणि आज अर्धं गाव त्याचं नाव सांगतं. पण आडनाव लावणारा एकटा क्लॅरन्सच.

अडचण शेजारी राहत होती. अननसाच्या मळ्याचा मालक रॉडनी किफ्ट हाही अमॉसच्याच वंशातला, थोरली मुलगी मार्था हिच्याकडून. शिवाय वयानं मोठा. समारंभाच्या समितीनं पडद्याचा मान त्याला द्यायचं ठरवलं आणि क्लॅरन्सच्या घशाखाली घास उतरेना.

मग तो पूर्वजांच्या मागे हात धुऊन लागला. रानातली जुनी थडगी हुडकली, शेवाळ खरवडलं, अंगभर काटे टोचून घेतले. "जिवंत माणसांकडेही बघत जा कधी," असं त्याची बायको एडिथ म्हणाली, तेही त्यानं ऐकून घेतलं. अखेर मार्थाचं थडगं सापडलं. त्यावर बापाचं नाव भलतंच होतं. मार्था ही शार्लटच्या पहिल्या नवऱ्याची मुलगी, आईबरोबर आयती आलेली!

"वाईट वाटून घेऊ नकोस, रॉडनी," क्लॅरन्स भर बैठकीत म्हणाला, "पण तुझ्यात अमॉसच्या रक्ताचा थेंबही नाही."

"एकही नाही?"

"हवं तर लिहून देतो."

"दे बुवा," रॉडनी म्हणाला. क्लॅरन्सनं खरंच लिहून दिलं, सहीनिशी.

एवढ्यावर थांबला असता तर तो क्लॅरन्स कसला! समारंभाला अमॉसच्या माहेरचं, म्हणजे इंग्लंडचं, कोणीतरी हवं म्हणून त्यानं लिंकनशरमधल्या त्याच्या मूळ गावी चौकशी केली. सिल्व्हिया नावाच्या बाईंनी लगेच कळवलं, "अमॉस? अहो, तो आमच्याच घरचा. येते मी." अमॉसच्या भावाकडची असणार, असं क्लॅरन्सनं मनाशी धरलं.

बाईंचं विमान रखडलं. त्या बॅगेसकट थेट सभागृहात पोचल्या, तेव्हा क्लॅरन्स पडदा ओढून भाषणात रंगला होता. पितळी फलक चकाकत होता : 'अमॉस थर्लबी, एकनिष्ठ पती, प्रेमळ पिता.'

"...आणि त्या बिबट्यानं अमॉसची दोन बोटं तोडली, पण पठ्ठ्या हटला नाही!"

"बिबट्यानं?" सिल्व्हियाबाई पहिल्या रांगेतून म्हणाल्या. "डाव्या हाताची ना? ती करवतीत गेली. घरीच, गोठ्यामागं."

लोक हसले. क्लॅरन्सही हसला. "तुम्ही त्याच्या कुठल्या भावाकडच्या?"

"भाऊ कुठला? मी अमॉसच्याच वंशातली. अमॉस आणि हॅना. पाच मुलं."

"शार्लट म्हणायचंय तुम्हाला."

"शार्लट कोण?"

कोणीतरी कपात चमचा ढवळत होतं, तेही थांबलं.

"डुक्कर आणतो म्हणून बाजारात गेला, तो परत आलाच नाही," बाई अगदी खुशीत सांगू लागल्या. "हॅना बिचारी म्हातारी झाली वाट बघून. आमच्यात अजून पुरुषांना बाजारात पाठवत नाहीत. म्हणजे डुक्कर शोधत इथवर आला होय मेला!" मग त्यांनी चष्मा लावून फलक वाचला. "एकनिष्ठ पती... कोणाचा?"

क्लॅरन्सनं मनात हिशोब मांडला. हॅना जिवंत होती, तर शार्लटचं लग्न लग्नच नव्हे. म्हणजे अर्धं गाव बसल्या जागी अनौरस ठरलं होतं, आणि ते सगळं त्याच्याकडे बघत होतं. मागच्या बाकावर रॉडनी तेवढा स्वस्थपणे जॅम लावलेला स्कोन खात होता.

"वाईट वाटून घेऊ नकोस, क्लॅरन्स," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच क्लॅरन्स रॉडनीच्या व्हरांड्यात हजर. "माझी जरा घाईच झाली बघ. तुझं नाक हुबेहूब अमॉससारखं आहे. तू आमच्यातलाच."

रॉडनीनं नकारार्थी मान हलवली आणि भिंतीकडे बोट दाखवलं. क्लॅरन्सची सही काचेच्या चौकटीत झकास दिसत होती.

क्लॅरन्स पडेल चेहऱ्यानं घरी परतला. समोर एडिथ रिकामी पिशवी घेऊन उभी होती.

"अंडी संपलीत ना? आण, मी बाजारात जाऊन येतो," तो म्हणाला. निदान बायकोच्या तरी उपयोगी पडावं, असं त्याला मनापासून वाटलं.

एडिथनं त्याच्याकडे जरा वेळ निरखून पाहिलं आणि गाडीची किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.

"राहू दे," ती म्हणाली. "मीच जाते."