हौसाबाईच्या दारातलं डाळिंब

एका जंगलात, मुलांनो, पाहुणा एकदा जेवायला बसला की त्याला उठायची सोय नव्हती. बसा नीट, मांडी घालून. तू मागचा, चुळबूळ बंद!

त्या जंगलात ‘पुरे’ म्हटलेलं कोणाला ऐकूच यायचं नाही. पाहुण्याने पानावर हात आडवा धरला, तर त्या हातावर वाढत. आणि या आग्रहात सगळ्यांच्या वरचढ होती हौसाबाई अस्वलीण. तिच्याकडे जेवलेला कोल्हा पुढचे चार दिवस झाडाला टेकून बसायचा. म्हणायचा, “जेवण झकास होतं हो, पण जीव वाचला हे नशीब.”

हौसाबाईच्या दारात डाळिंबाचं झाड होतं. सिंहाच्या घरी डोहाळजेवण निघालं, की राणीच्या ओटीत पहिलं फळ पडायचं ते याच झाडाचं. हा मान तिच्या सासूचा, आणि त्याआधी सासूच्या सासूचा. फळ मात्र अखंड हवं. तडकलेलं फळ ओटीत चालत नाही. खोटं वाटत असेल तर घरी जाऊन आईला विचारा.

आणि नेमकं झाडाचंच काहीतरी बिनसलं होतं. फुलं यायची आणि गळायची. एखादं फळ धरलंच, तर पिकायच्या आत तडकायचं. अशात राणीला दिवस गेल्याची बातमी आली. हौसाबाईच्या तोंडचं पाणी पळालं.

त्यात कुंपणापलीकडे शेवंता साळिंदरीण राहायची. तिच्याही दारात डाळिंब. पण बाई अशी चिक्कू, की पाहुणा निघाला आणि पार वळणावर गेला, की मग हाक मारून विचारायची, “अहो, चहा घेतला असता ना?” ओटीचा मान या बयेकडे गेला, तर हौसाबाईला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

म्हणून तिने टकटकराव सुतारपक्ष्याला बोलावलं. तो झाडांचा वैद्य. त्याने खोड ठोकून पाहिलं, पानं उलटून पाहिली.

“काकू, शेणखत भरपूर आहे, पाणीही आहे. कमी पडलंय ते बोरॉन. म्हणून फळ तडकतंय.”

“अगं बाई! म्हणजे काय असतं ते?”

“पांढरी पूड असते. आमटीतल्या हिंगासारखी. नसली तर चव नाही, जास्त झाली तर आमटीच गेली. ही पुडी घ्या. घागरभर पाण्यात चिमूटभर कालवायची आणि फुलं येण्याआधी पानांवर शिंपडायची. फळ सुपारीएवढं झालं की पुन्हा एकदा. बास.”

“चिमूटभर?” हौसाबाईने आ वासला. “अहो, मुंगीला तरी पुरेल का ते?”

पण वैद्य समोर उभा होता. तिने मुकाट्याने चिमूटभर पूड कालवून शिंपडली. शेवंतानेही कुंपणातून हात घालून एक पुडी मागून घेतली.

आणि काय सांगू! झाडाला तरतरी आली. फुलं आली आणि ती टिकली. बारीक बारीक फळं धरली. हौसाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

“उपाशी होतं गं माझं लेकरू! चिमटीत एवढं हसलं, मग पोटभर जेवलं तर काय करेल?”

झालं. तिने अख्खी पुडी घागरीत रिती केली. मग आणखी पुड्या मागवल्या. घागरीमागून घागरी ओतत म्हणाली, “घे रे बाळा. एवढी एकच. माझी शपथ आहे तुला.” झाड काही ‘नको’ म्हणालं नाही. म्हणालं असतं तरी त्या जंगलात कोण ऐकणार होतं म्हणा!

बातमी पसरली. माकडीण जस्ताची पूड घेऊन आली, हरणी लोहाची. “आमच्या हातचं एवढंसं तरी!” म्हणत दोघींनी ओंजळी ओतल्या. कोणाला नाही कसं म्हणायचं?

पानांच्या कडा करपल्या. हौसाबाई म्हणाली, “अशक्तपणा आहे अजून,” आणि तिने आणखी एक घागर ओतली. मग पानं झडली, पोरकी फळं टपाटप खाली पडली, आणि झाड उभ्या उभ्या वाळलं.

टकटकराव आला आणि त्याने कपाळावर पंख मारला. “काकू, काय केलंत हे?”

“काही नाही हो. मनापासून जेवू घातलं.”

“अहो, चिमूटभर सांगितलं होतं ना मी!”

“तुमचं काय जातंय सांगायला? हौसाबाईने दारातल्या झाडाला चिमटीने वाढलं, असं लोकांनी म्हटलं असतं ते?”

एवढं बोलली आणि खोडाला मिठी मारून ढसाढसा रडली. “काय कमी केलं रे मी तुला?” खरंच रडली हो. हसू नका.

तिकडे शेवंताचं झाड लालबुंद फळांनी लगडलं होतं, एकेक फळ अखंड. तिने चिमटीवरच भागवलं होतं. शहाणपणाने नव्हे हं! उरलेली पुडी पुढच्या वर्षाला होईल म्हणून.

डोहाळजेवणाला ओटीत शेवंताचं डाळिंब पडलं. राणीने ते तिथेच फोडून खाल्लं. दाणे टपोरे, रस गोड. पण पंगतीत कुजबूज एकच. “मेली चिक्कू! हिचीच नजर लागली हौसाबाईच्या झाडाला.” शेवंताच्या शेजारी कोणी पान मांडलं नाही.

सिंहाच्या कानावर सगळी हकिगत गेली. त्याचं मन भरून आलं. “एका झाडासाठी एवढा जीव टाकणारी बाई! जंगलातल्या सगळ्या फळझाडांचं खाणंपिणं आजपासून हिच्याकडे.”

हौसाबाईने डोळे पुसले, पदर खोचला आणि घागर उचलली.

आज त्या जंगलात औषधालासुद्धा फळ मिळत नाही. पण आमच्याकडे एकही झाड उपाशी मेलेलं नाही, असं तिथले लोक छाती काढून सांगतात.

तात्पर्य: ‘अति तिथे माती’ हे परीक्षेत लिहायला ठीक आहे, तेवढे मार्क मिळवा. पण जगायचं असेल तर लक्षात ठेवा, फळ चिमटीने येतं आणि नाव घागरीने होतं. शेवंताचं डाळिंब राणीने खाल्लं आणि संपलं. हौसाबाईच्या हाताची वाखाणणी मात्र अजून चालू आहे.